चाकांवरचे घर, वाळवंटातला शेजार

घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चार भिंती, छप्पर आणि दारावरची पाटी येते. अमेरिकेत मात्र राहते घर विकून किंवा भाड्याची जागा सोडून कायमचे गाडीत राहायला गेलेली बरीच माणसे आहेत. त्यात निवृत्त जोडपी आहेत, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आहेत, लहान मुलांची कुटुंबेही आहेत. या गाड्यांना तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. काही बसएवढ्या मोठ्या असतात, काही मोटारीमागे जोडून ओढून न्यायच्या. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी असते. छतावर सौर पॅनेल असते. पत्ता तेवढा नसतो.

अशा माणसांना एकाच ठिकाणी राहणे नकोसे होत असेल, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्यातले बरेच जण दर हिवाळ्यात ठरलेल्या एकाच जागी परततात आणि तिथे महिनोन् महिने मुक्काम करतात. नवे काही बघायला ते तिथे येत नाहीत. ओढ असते ती ओळखीच्या माणसांची.

क्वार्ट्झसाइटचा हिवाळा

ॲरिझोना राज्यातले क्वार्ट्झसाइट हे अशा मुक्कामाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून जवळच, दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात तिथे हे गाव वसले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि गाव ओस पडते. हिवाळ्यात दिवस मात्र ऊबदार असतात. मग उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून गाड्या येऊ लागतात आणि गावाभोवतीच्या माळावर हजारो चाकांची घरे उभी राहतात. जानेवारीत रत्ने आणि खनिजांचे बाजार भरतात, आरव्हींचे मोठे प्रदर्शन लागते.

गावाभोवतीची पुष्कळशी जमीन सरकारी आहे. त्यातल्या बऱ्याच भागात फुकट राहता येते. पण चौदा दिवस झाले की तिथून हलावे लागते. ज्यांना जास्त राहायचे आहे त्यांच्यासाठी १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची वेगळी क्षेत्रे राखली आहेत. क्वार्ट्झसाइटजवळचे असे क्षेत्र म्हणजे ला पोसा. तिथला हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, म्हणजे सात महिन्यांचा. कित्येक वर्षे या संपूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलरला मिळत असे.

त्या पैशांत मिळते तरी काय? गाडीपाशी ना वीज येते ना नळ. पाणी भरायला, सांडपाण्याची टाकी रिकामी करायला आणि कचरा टाकायला ठरलेल्या जागी जावे लागते. शेजारीच फुकट जमीन असताना लोक परवाना घेतात, याचे कारण सोयींत शोधून सापडणार नाही. दर चौदा दिवसांनी उठावे लागणार नाही, हीच त्यांची खरी खरेदी असते. उठावे लागले नाही तरच शेजार जमतो.

मुसाफिर आणि मुकीम

हा फरक आपल्या घरांत नवा नाही. प्रवासात नमाज कसर करायची की पूर्ण, हा प्रश्न निघाला की किती दिवस राहायचे ठरवले आहे, हे आधी विचारले जाते. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याची नियत केली की मुसाफिर मुकीम होतो. कोकणातली बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे ज्या शाफई मताची आहेत, त्यात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची नियत पुरते. ॲरिझोनातल्या चौदा दिवसांच्या सरकारी नियमाशी याचा अर्थातच संबंध नाही. पण ‘इथे राहायचे आहे’ असे मनाशी ठरवले की त्या जागेशी आपले नाते बदलते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

ला पोसामध्ये ते रोज दिसते. एकमेकांना ओळखणारे लोक गाड्या अर्धवर्तुळात लावतात आणि मधली जागा मोकळी ठेवतात. ते त्यांचे अंगण. सकाळी कॉफीचा कप घेऊन तिथे खुर्च्या मांडल्या जातात. कुणाची बॅटरी बिघडली तर ज्याला विजेचे काम येते तो हातात पाना घेऊन येतो. एक जण गावात निघाला की चौघांची यादी सोबत नेतो. संध्याकाळी प्रत्येक जण एकेक पदार्थ घेऊन येतो आणि शेकोटीभोवती सगळे एकत्र जेवतात. सकाळी एखाद्या गाडीचा पडदा उघडला नाही, तर कुणीतरी दारावर टकटक करते. एकट्या वृद्ध माणसासाठी ही टकटक फार मोलाची असते.

गावातली एक कबर

याच गावाच्या दफनभूमीत एक स्मारक आहे. दगडांचा पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. खाली विसावला आहे हाजी अली. उस्मानी साम्राज्यातला हा उंटपाल १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने मागवलेल्या उंटांबरोबर टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरला. नैऋत्येच्या कोरड्या प्रदेशात सामान वाहण्यासाठी उंट वापरून पाहावेत, असा तो प्रयोग होता. अमेरिकन जिभेला ‘हाजी अली’ जमेना, म्हणून त्याचे झाले ‘हाय जॉली’. यादवी युद्ध सुरू झाले, प्रयोग मागे पडला आणि उंट विकले गेले. हाजी अली मात्र परतला नाही. मालवाहतूक, सैन्याची कामे, खनिजांचा शोध असे करत तो वाळवंटात फिरत राहिला. १८८० मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले; तेव्हा कागदावर नाव लागले फिलिप टेड्रो. १९०२ मध्ये क्वार्ट्झसाइट इथे त्याचा अंत झाला. १९३५ मध्ये त्याच्या कबरीवर हे स्मारक उभे राहिले.

नावाचा उच्चारही ज्यांना जमला नाही, त्यांनीच त्याची कबर जपली. आज हिवाळी मुक्कामाला येणारे अनेक प्रवासी तिथे थांबून जातात.

सगळेच हौशी नाहीत

हे चित्र केवळ सुखाचे आहे, असे मात्र समजू नये. २००८ च्या आर्थिक मंदीत अनेकांची घरे गेली. वाढते भाडे आणि तुटपुंजे निवृत्तिवेतन यांचा मेळ बसेना म्हणून कित्येक वृद्ध गाडीत राहू लागले. त्यांतले काही शरद ऋतूत बीटच्या काढणीला जातात, उन्हाळ्यात पर्यटकांच्या तळांवर राखणदारी करतात. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात अशा माणसांची हकिगत लिहिली. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातली क्वार्ट्झसाइटची माणसे पाहिली की कळते, पैसा नसलेल्याला ओळखीच्या मुक्कामाची गरज हौशी प्रवाशापेक्षा जास्त असते.

खरी परीक्षा आजारपणात होते. मुलेबाळे हजारो किलोमीटर दूर, डॉक्टर अनोळखी आणि गाडी चालवण्याइतकी नजर उरलेली नाही. मग काय करायचे? या प्रश्नाचे एक उत्तर या प्रवाशांनीच शोधले. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘एस्केपीज’ या त्यांच्या संघटनेचे टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथे केंद्र आहे. सभासदांची टपाले तिथून त्यांच्याकडे पाठवली जातात. तिथेच प्रवास झेपेनासा झालेल्यांसाठी सोय आहे. त्यांनी आपल्याच गाडीत राहायचे आणि जेवण व देखभालीची मदत घ्यायची. शेवटच्या मुक्कामातही आपले अंथरूण आपलेच राहते आणि भोवती आपल्यासारखीच माणसे असतात.

आपल्यासाठी

आपल्याकडे कुणी घर विकून गाडीत राहायला जाईल, असा संभव कमी. पण मुले आखातात किंवा मोठ्या शहरात स्थिरावली की आई-वडिलांना गावाहून हलवण्याचा विचार घरोघरी होतो. फ्लॅटला लिफ्ट आहे का, दवाखाना जवळ आहे का, मशीद किती अंतरावर, हे सगळे पाहिले जाते आणि ते पाहायलाच हवे. मात्र सकाळी अब्बांचे दार उघडले नाही तर टकटक कोण करील, हा प्रश्न बहुधा राहून जातो. गावातला चाळीस वर्षांचा शेजार सामानाच्या ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

म्हणून हलवायचेच असेल तर एकदम हलवू नये. आधी महिना-दोन महिने नव्या जागी राहून पाहू द्यावे, दोन-चार ओळखी होऊ द्याव्यात. जुन्या घराला लगेच कायमचे कुलूप घालू नये. वर्षातले काही महिने तरी त्यांना आपल्या ओट्यावर, आपल्या माणसांत राहता यावे, अशी व्यवस्था करावी. सगळा देश फिरून झालेली माणसेही दर हिवाळ्यात ओळखीच्या शेकोटीपाशी परत येतात. आपल्या वडीलधाऱ्यांना तर त्या शेकोटीपासून आपणच उठवत असतो. निदान उठवण्यापूर्वी त्यांना एकदा विचारावे.