नवी दुनळी आणि तिची निगा

नवी बंदूक घेणाऱ्या गृहस्थाला दुकानदार नळ्यांची चकाकी दाखवितो, दस्त्याच्या अक्रोडी लाकडावरील रेषा दाखवितो, आणि दस्ता एकदां खांद्याला लावून पाहावयास सांगतो. बंदूक घरीं आल्यावर तिचें काय करावयाचें, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. त्यामुळें चांगल्या चांगल्या दुनळ्या तीनचार पावसाळ्यांतच गंजून जातात; कित्येकदां तर त्याहूनही वाईट घडतें, तें हें कीं, त्या भरलेल्या अवस्थेंत कोपऱ्यांत उभ्या राहतात.

बंदुकीच्या आधीं परवाना यावा लागतो. लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत १८७८ सालीं झालेल्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसाच्या घरांतील शस्त्र सरकारच्या मर्जीवर सोंपविलें. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागीं १९५९ चा कायदा आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आहे. सोलापूर शहरांत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. शहराबाहेर, जिल्ह्यांत, तो जिल्हाधिकारी देतात. वय एकवीस वर्षांचें पूर्ण झालेलें असावें लागतें, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणें हत्यार हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला व तें सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षांवर आली, आणि एका माणसाला बाळगतां येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनावरून दोनावर आली.

परवाना हातीं आला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असा समज अजूनही पुष्कळांचा असतो. तो निखालस चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें, आणि विशेषतः त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें, शिकारीचा शौक या देशांतून कायद्यापुरता तरी संपला. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरावरही अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून बार टाकतां येत नाहीं. सोलापूरकरांना तर या बाबतींत अधिकच जपावें लागतें. नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ सालीं जाहीर झालें. माळढोक हा उघड्या गवती माळावर राहणारा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा पक्षी. एकेकाळीं शिकाऱ्यांना तो फार प्रिय होता, आणि तेंच त्याला भोवलें. मादी बहुधा एका विणीला एकच अंडें घालते. मग बंदुकीनें गेलेली तूट भरून यावी कशी? आज महाराष्ट्रांत तो क्वचितच दृष्टीस पडतो. वरील कायद्यान्वयें अभयारण्याच्या हद्दींत लेखी परवानगीशिवाय हत्यार नेतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आंत नवा परवाना द्यावयाचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमति लागते, आणि त्या पट्ट्यांत राहणाऱ्या जुन्या परवानेदारांसही वन खात्याकडे नांव नोंदविण्याचें बंधन घातलेलें आहे. हें अभयारण्य एकसंध नाहीं. त्याचे तुकडे सोलापूर व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत विखुरलेले आहेत, आणि मूळची विस्तीर्ण हद्द पुढें पुष्कळ आंखडण्यांत आली. तेव्हां ज्याचें शेत त्या बाजूस असेल त्यानें ऐकीव माहितीवर विसंबूं नये, वन खात्याच्या कचेरींत जाऊन नकाशा पाहावा.

मग दुनळीचा उपयोग काय? शेतावरच्या वस्तीचें संरक्षण हा एक, आणि नेमबाजीचा खेळ हा दुसरा. मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याचा खेळ ऑलिंपिकमध्यें मानाचा गणला जातो. २००४ सालीं अथेन्स येथें राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं त्यांतच रौप्यपदक मिळविलें. ज्याला हात स्थिर आणि नजर तीक्ष्ण असल्याचा अभिमान असेल, त्यानें तो जिवंत पांखरावर न तपासतां तबकडीवर तपासावा.

आतां प्रत्यक्ष बंदुकीकडे वळूं. बारा बोअर म्हणजे काय, हें बंदूक बाळगणाऱ्यांपैकींही थोड्यांनाच सांगतां येतें. नळींत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यावी. तशा बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरलें कीं ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर असतो. वीस बोअरच्या नळींत वीस गोळ्यांचा एक पौंड होतो, म्हणून आंकडा मोठा पण नळी लहान. या उलट हिशेबांत एक मोठा धोका दडलेला आहे. वीस बोअरचें काडतूस चुकून बारा बोअरच्या नळींत घातलें तर तें पुढें सरकून नळींत अडकतें. बार कां होत नाहीं म्हणून मनुष्य मागें बारा बोअरचें काडतूस भरतो व चाप ओढतो. नळी फुटते, आणि बहुधा डाव्या हाताचीं बोटें जातात. वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याचा प्रघात यासाठींच पडला. दोन निरनिराळ्या बोअरच्या बंदुका एका घरांत असल्या, तर काडतुसें एका खिशांत कधींही एकत्र येऊं देऊं नयेत.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे काडतुसाचें घर. जुन्या विलायती दुनळ्यांचें घर ६५ मिलिमीटरांचें असे. आजचीं काडतुसें बहुधा ७० मिलिमीटरांचीं असतात. लांब काडतूस आंखूड घरांत बेमालूम बसतें, कारण त्याचें तोंड दुमडलेलें असतें; पण बाराच्या वेळीं उलगडण्यास त्याला जागा मिळत नाहीं आणि नळींतील दाब भलताच वाढतो. नळ्यांच्या बुडाशीं घराचें माप व परीक्षेचा ठसा कोरलेला असतो. तो वाचून मगच काडतुसें मागावींत, मग तीं खडकीच्या कारखान्याचीं ‘शक्तिमान’ असोत कीं परदेशी असोत.

नव्या बंदुकीला कारखान्यांतून चिकट वंगण फांसून येतें. पहिल्या बाराच्या आधीं तें नळ्यांतून पूर्ण पुसून काढलें पाहिजे. पुढें प्रत्येक वापरानंतर, त्याच संध्याकाळीं, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्या. लांकडी किंवा पितळी गजाला कापडाची पट्टी गुंडाळून काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे फिरवावी. उलट फिरविल्यास सारी काजळी यंत्राकडे येते. छऱ्यांचें शिसें नळीला लेपासारखें चिकटतें. त्यासाठीं काशाच्या तारांचा ब्रश तेलांत बुडवून पांचसात वेळां फिरवावा, मग कोरडी पट्टी, आणि शेवटीं पातळ तेलाचा केवळ हात. सोलापुरांत कापडाला तोटा नाहीं, म्हणून एक सूचना करावीशी वाटते: फाटक्या टॉवेलाचा तुकडा या कामीं वापरूं नये. त्याचे तंतू सुटून घरांत अडकतात. धुऊन मऊ झालेलें जुनें धोतर उत्तम. तेलाचा अतिरेक हा तर सर्वांत सामान्य दोष. जास्तीचें तेल निथळून दस्त्याच्या लाकडांत मुरतें व लांकूड भुसभुशीत होतें. खोबरेल किंवा स्वयंपाकाचें तेल तर कदापि लावूं नये. तें वाळून राळेसारखें घट्ट होतें आणि चाप जड होतो. नळ्यांत पाहिल्याखेरीज बंदूक पुन्हां जुळवूं नये. तोंडाशीं अडकलेला चिखलाचा एक गोळा किंवा विसरलेली चिंधीही नळी फोडण्यास पुरेशी होते.

सोलापूरच्या हवेनें दोन्ही बाजूंनीं त्रास होतो. उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, लांकूड सुकतें व दस्त्याच्या मानेजवळ बारीक चीर पडते. म्हणून वर्षांतून दोनदां जवसाचें तेल बोटांनीं चोळून जिरवावें. काळ्या रानाची धूळ तेलाशीं मिसळली कीं तिची कानसच बनते. पावसाळ्यांत कातडी गवसणी ओल धरते. बंदूक गवसणींत घालून प्रवास करावा, पण ठेवणीस गवसणींत ठेवूं नये. चादरींत गुंडाळून माळ्यावर टाकणें हा तर गंजाला दिलेला निरोपच समजावा. आंतील यंत्र स्वतः उघडण्याचा मोह मात्र टाळावा. तें काम परवानाधारक कारागिराचें.

नळ्या वेगळ्या करून बंदूक लोखंडी कपाटांत, आणि काडतुसें दुसऱ्या कुलपांत. दोन्ही किल्ल्या मालकाजवळ, देवघरांतल्या खुंटीवर नव्हेत. मुलांना त्या कोठें असतात हें मोठ्यांच्या कल्पनेहून अधिक चांगलें ठाऊक असतें. बंदूक हातांत घेणाऱ्यानें, ती नुकतीच दुसऱ्यानें रिकामी दाखविली असली तरी, स्वतः उघडून पाहावी. सेफ्टीचा खटका केवळ चाप अडवितो. बंदूक पडली असतां घोडा सुटणार नाहीं, अशी हमी तो देत नाहीं. लग्नाच्या वरातींत हवेंत बार काढणें २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

निवडणुकीच्या काळांत बंदूक पोलीस ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम येतो. जमा करतांना नळ्यांना आंतून तेलाचा जाडसर हात द्यावा, पावतीवर क्रमांक ताडून पाहावा, आणि परत आणल्या दिवशींच ती साफ करावी. परवानेदार वारल्यास मात्र घरच्यांनीं तेराव्याची वाट पाहत बसूं नये. वडिलांची आठवण म्हणून बंदूक कपाटांत राहिली, तर ज्याच्या घरांत ती आहे तो विनापरवाना हत्यार बाळगणारा ठरतो. ती विनाविलंब नजीकच्या ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला स्वतःच्या नांवें परवाना मिळाल्यावर ती परत आणतां येते.