केंद्रकातलं एक प्रथिन शोधताना
पुण्यात स्वारगेटहून पुणे विद्यापीठाच्या दिशेनं निघालं, की गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, लागतं. इथे डॉ. संजीव गलांडे यांच्या गटानं ‘सॅटबी-१’ या प्रथिनावर मोलाचं काम केलं. हे प्रथिन डीएनएला ठरावीक जागी धरून ठेवतं आणि रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींमधली अनेक जनुकं कधी चालू, कधी बंद राहणार यावर नियंत्रण ठेवतं. त्याला फॉस्फेट जोडला गेला, की त्याचं वागणं बदलतं, हे या गटानं २००६ मध्ये दाखवलं.

हजारो प्रथिनांच्या गर्दीत हे एकच शोधायचं कसं? त्यासाठी प्रतिपिंड लागतं. सॅटबी-१चा तुकडा सशाला टोचला, की त्याच्या रक्तात नेमक्या त्या तुकड्याला चिकटणारी प्रतिपिंडं तयार होतात. काचपट्टीवरच्या पेशींवर ती सोडायची, न चिकटलेली धुऊन टाकायची. मग सशाच्या प्रतिपिंडाला धरणारं, चमकता रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड घालायचं. टी-पेशी जिथे घडतात, त्या थायमस ग्रंथीतल्या उंदराच्या पेशी अशा रंगवल्या, तर केंद्रकात पिंजऱ्यासारखी जाळी उजळलेली दिसते.

मात्र रंग दिसला म्हणजे पुरावा मिळाला, असं नाही. सॅटबी-१चं जनुकच काढून टाकलेल्या पेशींवरही तेच प्रतिपिंड लावून पाहायला हवं. तिथेही तसाच रंग उमटला, तर ते भलत्याच प्रथिनाला चिकटतंय. ही पडताळणी टाळली, तर पुढचे सगळे निष्कर्ष डळमळीत होतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडाची परीक्षा आधी होते, प्रयोग नंतर.