छायाचित्रणाद्वारे साक्षरता
छायाचित्रणाद्वारे साक्षरता : विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरा देऊन, त्यांनीच टिपलेल्या छायाचित्रांच्या आधारे त्यांना कथनास व लेखनास प्रवृत्त करणारी अध्यापनपद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील छायाचित्रकार व शिक्षिका वेंडी इवॉल्ड (१९५१– ) यांनी ती विकसित केली. नागरी शाळांतील वंशविषयक पूर्वग्रहांची चिकित्सा करण्यासाठी तिचा झालेला उपयोग विशेष उल्लेखनीय आहे.

पार्श्वभूमी : कृष्णवर्णीयांची विडंबनात्मक चित्रे अमेरिकेत दीर्घकाळ प्रचलित होती. त्यांना छायाचित्राने उत्तर देता येईल, हा विचार गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस (१८१८–९५) यांनी मांडला व स्वतःची अनेक छायाचित्रे जाणीवपूर्वक काढवून घेतली. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस (१८६८–१९६३) यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांच्या जीवनाची साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे मांडली. मात्र या प्रयत्नांत शाळकरी मुलांच्या हाती कॅमेरा नव्हता. इवॉल्ड यांनी १९७५ पासून केंटकी राज्यातील डोंगराळ भागातील मुलांना छायाचित्रण शिकविले.

डरम येथील प्रयोग : नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरम हे तंबाखूच्या उद्योगामुळे वाढलेले शहर. १९९० च्या सुमारास तेथील शाळा व ड्यूक विद्यापीठाचे प्रलेखीय अभ्यासकेंद्र यांच्या सहकार्याने हा उपक्रम सुरू झाला. स्वतः, कुटुंब, परिसर व स्वप्ने हे त्याचे चार मुख्य विषय होत. विद्यार्थी प्रथम विषयावर चर्चा व लेखन करतात, मग छायाचित्रे घेतात आणि अखेरीस त्यांवरून पुन्हा लिहितात. प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थी असलेली शहरातील शाळाव्यवस्था आणि प्रामुख्याने गौरवर्णीय विद्यार्थी असलेली जिल्ह्यातील शाळाव्यवस्था यांचे १९९२ मध्ये विलीनीकरण झाले, तेव्हा वंशाचा प्रश्न वर्गातच उभा राहिला.

त्यातून ‘कृष्ण स्व, गौर स्व’ हा प्रकल्प साकारला. विद्यार्थ्यांनी स्वतःचे वर्णन लिहिले. नंतर आपण दुसऱ्या वंशाचे आहोत अशी कल्पना करून दुसरे लिहिले. दोन्ही रूपांना साजेसा पेहराव व पवित्रा त्यांनी स्वतः ठरविला. इवॉल्ड यांनी छायाचित्रे घेतल्यावर मोठ्या आकाराच्या व्यस्तप्रतींवर मुलांनी रेखाटन व लेखन केले. व्यस्तप्रतीत काळे-पांढरे यांची अदलाबदल होते : तीवर शाईने ओढलेली रेघ छापील चित्रात पांढरी, तर ओरखडा काळा दिसतो. त्यामुळे वर्ण ही मुलांच्या दृष्टीने प्रत्यक्ष हाताळण्याची बाब ठरली.

मूल्यमापन : दुसऱ्याचे रूप घेताना मुले प्रचलित ठोकळेबाज कल्पनांचाच आधार घेतात. ही या पद्धतीची उणीव वाटली, तरी तिचे सामर्थ्यही त्यातच आहे. कारण एरवी न बोलली जाणारी समजूत चित्ररूपाने समोर येते आणि ‘हे तुला कोठून कळले?’ असा प्रश्न विचारता येतो. ही चर्चा टाळल्यास मात्र पूर्वग्रह दृढ होण्याचा धोका संभवतो. चित्रित व्यक्तींची संमती आणि मुलांच्या खाजगीपणाचे रक्षण हीदेखील शिक्षकाची जबाबदारी ठरते. वस्ती, उत्पन्न व शाळाप्रवेश यांतील विषमता छायाचित्रांनी दूर होत नाही. तथापि जिच्याविषयी इतरांनीच आजवर लिहिले, ती व्यक्ती स्वतःविषयी सांगू लागते, हे या पद्धतीचे महत्त्व होय.