खुराड्यातील धूळ आणि आपली छाती
आम्ही कापडवाले. कापसाच्या धुळीने सूतगिरणीतील कामगाराची छाती सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते, हे आम्हाला ठाऊक. पण औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) जोडधंदा म्हणून कोंबड्या पाळणारे आपले कारागीर बांधव खुराड्यातील धुळीकडे दुर्लक्ष करतात. पिसांचा चुरा, सुकलेली विष्ठा, खाद्याची पूड आणि बुरशी फुप्फुसात गेली की खोकला, दमा जडतो. ओल्या विष्ठेतील अमोनियाने डोळे चुरचुरतात. तेव्हा झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा. चिखल मात्र नको. साध्या रुमालाऐवजी एन-९५ मास्क लावावा. खुराडे हवेशीर आणि निजायच्या खोलीपासून दूर असावे. अंड्यांची कमाई औषधांतच गेली, तर नफा कसला?