आबकारीची वही

माझ्या मावशीचं सासर देवासचं. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, तेव्हापासून ही मराठी घरं माळव्यात. एका होळीला आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तर भर बाजारात भांगेचं परवानाधारक दुकान! पाटीवर आबकारी विभागाचं नाव. सौ. चटकन म्हणाली, "अहो, हा तर आमचा अबकारी!" कर्नाटकात ते खातं अबकारीच, महाराष्ट्रात मात्र राज्य उत्पादन शुल्क.

1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून पानांची भांग आबकारीच्या हाती राहिली, आणि तिचा हिशोबही.

दुकानदार गिऱ्हाइकाला थांबवून आधी वही भरत होता : आलेला माल, विक्री, शिल्लक. वजन जुळलं नाही तर? मी विचारलं. "बाबूजी, कम निकला तो चोरी से बेचा, ज़्यादा निकला तो बाहर से लाया." दोन्हीकडून परवाना धोक्यात, बरं का!

थंडाईसाठी मावशीने थोडी घेऊन दिली होती. निघताना काकांनी ती पिशवीतून काढली. "महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा. इथली पावती तिथे कोण बघणार?" बेळगावची वाट महाराष्ट्रातूनच.

घरी बडीशेप, मिरी, खसखस, बदाम वाटून साधीच थंडाई केली. सासऱ्यांनी घोट घेतला, पेल्यात डोकावले आणि म्हणाले, "एनू हाकिल्लेनु?"