चौदा गावचं पाणी

27 जुलै 2011 रोजी एडविन जॅक्सन सकाळी उठला तेव्हा तो शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. मग काही तासांसाठी तो टोरंटो ब्लू जेजचा झाला आणि दिवस मावळायच्या आत सेंट लुईस कार्डिनल्सच्या नावावर लागला. टोरंटोचा गणवेश त्याच्या अंगाला लागलाही नाही. टोरंटोला हवा होता सेंट लुईसचा कोल्बी रॅस्मस, आणि तो मिळवण्यासाठी द्यायला एक भरवशाचा पिचर हाताशी असायला हवा होता. म्हणून जॅक्सनला एका दाराने आत घेतलं आणि दुसऱ्या दाराने बाहेर काढलं.

त्याच सौद्यात टोरंटोकडून सेंट लुईसला गेलेला आणखी एक पिचर होता, ऑक्टाव्हिओ डोटेल. पुढच्याच वर्षी डोटेल डेट्रॉइटकडून उतरला आणि 13 संघांकडून मेजर लीग खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर झाला. तो विक्रम पुढे मोडला जॅक्सनने. विक्रम करणारा आणि तो मोडणारा, दोघांची रवानगी एकाच दिवशी, एकाच सौद्यात व्हावी, हे बेसबॉलमध्येच घडू जाणे.

जॅक्सनचा जन्म 1983 चा, पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्मचा. वडील अमेरिकी सैन्यात होते. वाढला जॉर्जियातल्या कोलंबस गावात. 2001 साली लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला घेतलं आणि 9 सप्टेंबर 2003 ला, आपल्या विसाव्या वाढदिवशी, तो पहिल्यांदा मेजर लीगच्या माउंडवर उभा राहिला. समोरच्या ॲरिझोना संघाकडून चेंडू टाकत होता रँडी जॉन्सन, दुसऱ्या दिवशी चाळिशी गाठणारा आणि त्या काळातला सर्वांत धडकी भरवणारा डावखुरा. पोराने सहा इनिंग टाकल्या, एकच धाव दिली आणि सामना जिंकला. अशा सुरुवातीनंतर लोक भलत्याच अपेक्षा करू लागतात. त्या पुऱ्या झाल्या नाहीत. ताशी 95 मैलांच्या पुढे जाणारा चेंडू होता, पण तो कुठे जाईल याची खात्री नव्हती. 2006 च्या सुरुवातीला डॉजर्सनी त्याला टँपा बे संघाला देऊन टाकलं.

तिथे 2007 मध्ये त्याने 5 सामने जिंकले आणि 15 हरले. पुढच्या वर्षी 14 जिंकले, आणि वर्षानुवर्षं तळाला असलेला तो संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये जाऊन पोहोचला. त्या हिवाळ्यात टँपाने त्याला डेट्रॉइटला पाठवलं. 2009 मध्ये डेट्रॉइटकडून तो ऑल-स्टार झाला, आणि डिसेंबरमध्ये तिथूनही उचलबांगडी झाली. तो तीन संघांमधला सौदा होता. जॅक्सन ॲरिझोनाला, कर्टिस ग्रँडरसन न्यू यॉर्क यांकीजला आणि मॅक्स शर्झर नावाचा एक तरुण पिचर डेट्रॉइटला गेला. शर्झर पुढे काय झाला ते बेसबॉल पाहणाऱ्याला सांगायला नको. जॅक्सनच्या कारकिर्दीत असं वारंवार दिसतं: त्याच्या बदल्यात जो गेला किंवा आला, त्याचं नाव जास्त गाजलं.

इथे एक नियम सांगितला पाहिजे. मेजर लीगमध्ये पहिली सहा वर्षं खेळाडू संघाच्या मुठीत असतो. कुठे पाठवायचं ते संघ ठरवतो, त्याला विचारत नाही. सौदा नाकारण्याचा हक्क नियमाने मिळतो तो एकूण दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढली तर. जॅक्सनची दहा वर्षं झाली, पण एका संघात पाच कधीच झाली नाहीत. तीन हंगामांपलीकडे सलग तो कुठेच राहिला नाही. म्हणजे सतत बदली होणाऱ्याला बदली नाकारता येत नाही, आणि नाकारता येत नाही म्हणून तो बदलत राहतो.

आता 25 जून 2010. सेंट पीटर्सबर्गचं छप्पर असलेलं ट्रॉपिकाना फील्ड, आणि समोर जॅक्सनचा जुना संघ टँपा बे. पहिल्या तीन इनिंगमध्येच त्याने सात बॅटरना वॉक दिले, म्हणजे चेंडू इतके बाहेर टाकले की त्यांना बॅट न फिरवता पहिल्या बेसवर जायला मिळालं. तिसऱ्या इनिंगमध्ये एकही बाद नसताना तिन्ही बेस भरलेले होते. कोणताही मॅनेजर अशा वेळी फोन उचलून बदली पिचरला तयार राहायला सांगतो. पण त्या इनिंगमध्ये धाव झाली नाही, आणि नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की टँपाला अजून एकही हिट मिळालेली नाही. ॲडम लारोशच्या होमरनची एकुलती धाव ॲरिझोनाच्या खात्यात होती. हल्ली शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरचा हात वाचवायला त्याला काढतात. छत्तिशीचं वय, मॅनेजरपदाचं दुसरं वर्ष असलेल्या ए. जे. हिंचने जॅक्सनला काढलं नाही. एकशे दहा झाले, तीस झाले, चाळीस झाले. 149 चेंडूंनंतर सामना 1-0 असा संपला: आठ वॉक, शून्य हिट. क्रिकेटच्या हिशेबात जवळपास 25 षटकं, तीही एका बैठकीत आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकलेला.

असा एकही हिट न देता पुरा केलेला सामना, म्हणजे नो-हिटर, हा पिचरच्या आयुष्यातला सणाचा दिवस. पण मला या सामन्यातलं सौंदर्य त्या शून्यापेक्षा त्या आठ वॉकमध्ये दिसतं. निर्दोष खेळ करून हिट टाळणारे पुष्कळ झाले. चेंडू असे हाताबाहेर जात असताना, स्वतः खणलेल्या खड्ड्यातून बाहेर येत नो-हिटर पुरा करणारा मला दुसरा आठवत नाही. पुढे काय झालं? आठवडा उलटायच्या आत हिंचची नोकरी गेली. या सामन्यामुळे नव्हे, संघ हरत होता म्हणून. आणि 35 दिवसांनी, 30 जुलैला, ॲरिझोनाने जॅक्सनला शिकागो व्हाइट सॉक्सला दिलं. बदल्यात आलेला डॅनियल हडसन त्या हंगामात ॲरिझोनासाठी सात जिंकून एकच हरला. 2019 मध्ये वॉशिंग्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा बळी घेणाराही हाच हडसन.

सेंट लुईसचा सौदा मात्र जॅक्सनला फळला. 2011 ची वर्ल्ड सिरीज त्या संघाने जिंकली. चौथा सामना त्याने सुरू केला, सात वॉक दिले आणि हरला, पण विजेतेपदाची अंगठी हरणाऱ्या पिचरलाही मिळते. मग वॉशिंग्टनमध्ये एक वर्ष, आणि 2013 पासून शिकागो कब्जकडे चार वर्षांसाठी 5 कोटी 20 लाख डॉलर. त्याच्या आयुष्यातला हा एकमेव मोठा करार, आणि तोच सर्वांत वाईट निघाला. पहिल्या वर्षी 8 विजय आणि 18 पराभव, दुसऱ्या वर्षी 6 आणि 15. 2015 च्या जुलैमध्ये कब्जनी त्याला मोकळं केलं आणि तो अटलांटाकडे गेला. 2016 मध्ये 108 वर्षांनी कब्ज जगज्जेते झाले तेव्हा करारानुसार त्याच्या पगाराचा भार अजून त्यांच्याच डोक्यावर होता. तो मात्र त्या वर्षी आधी मायामी, मग सॅन दिएगोसाठी खेळत होता.

त्यानंतरचा प्रवास मायनर लीग, छोटे करार आणि अचानक आलेली बोलावणी असा. बाल्टिमोर, पुन्हा वॉशिंग्टन. 2018 मध्ये ओकलंडचे सुरुवातीचे पिचर एकामागून एक जखमी झाले आणि 34 वर्षांच्या जॅक्सनला हाक आली. तारीख पुन्हा 25 जून. त्या दिवशी त्याने डोटेलच्या तेरा संघांची बरोबरी केली, आणि मग 17 सामने सुरू करून 6 जिंकले, 3 हरले. स्पर्धात्मक संघाला हवं असलेलं काम त्याने इतकं चोख केलं की ओकलंड त्या वर्षी 97 सामने जिंकून बाद फेरीत गेलं. मला त्याच्या कारकिर्दीतलं हे वर्ष नो-हिटरइतकंच मोलाचं वाटतं.

15 मे 2019 ला सॅन फ्रान्सिस्कोत चौदावा संघ त्याच्या नावावर लागला. तो संघ होता टोरंटो, 2011 मध्ये ज्याने त्याला काही तास ठेवून घेतलं होतं. खेळ मात्र आता संपत आला होता. नऊ इनिंगमागे नऊहून जास्त धावा जात होत्या. जुलैत टोरंटोने सोडलं, डेट्रॉइटने पुन्हा उभं केलं, आणि तिथे मेजर लीग संपली. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याला अमेरिकी संघाचं रौप्यपदक मिळालं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

सतरा हंगामांचा हिशेब: 107 विजय, 133 पराभव, 1,960 इनिंग, नऊ इनिंगमागे 4.78 धावा. हे आकडे चांगल्या पिचरचे नाहीत. तरी चौदा मालकांनी त्याच्यासाठी पैसे किंवा माणसं मोजली, ती का? उत्तर दुसऱ्या एका आकड्यात आहे. 2007 ते 2013 या सात वर्षांत त्याने एकाही वर्षी 31 पेक्षा कमी सामने सुरू केले नाहीत. 162 सामन्यांच्या हंगामात पाच पिचर आळीपाळीने धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला 32-33 येतात. म्हणजे त्याने जवळजवळ एकही पाळी चुकवली नाही. पिचरच्या कोपराच्या शस्त्रक्रिया रोजच्या झालेल्या खेळात दर पाचव्या दिवशी हजर असणारा हात विकत मिळत नाही. ज्यांना जिंकायचं होतं त्यांना तो हवा होता, आणि जिंकून झाल्यावर त्याच्या जागी त्याच्याहून बरा कुणी मिळाला की तो नको असायचा.

आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ संघांकडून खेळला तेव्हा आपल्याकडे त्याची थट्टा झाली. जॅक्सनचीही होतेच. 'फिरस्ता' या शिक्क्यात थोडी कीव असते, आणि मला ती चुकीची वाटते: चौदा वेळा काढून टाकलेला माणूस आधी चौदा वेळा निवडलेला असतो.

2025 च्या जुलैमध्ये 45 वर्षांचा डावखुरा रिच हिल कॅन्सस सिटी रॉयल्सकडून उतरला आणि त्यानेही चौदा संघ पुरे केले. विक्रम आता दोघांच्या नावावर आहे.