माळ्यावरचा जुना लँडलाईन पुन्हा वाजवता येतो, पण लाईट गेली तर?

कोकणातल्या बऱ्याच वाड्यांमध्ये ‘रेंजची जागा’ ठरलेली असते. कुठे अंगणाचा एक कोपरा, कुठे विहिरीच्या वरची पायवाट, कुठे शाळेमागचा कातळ. मुंबईहून मुलाचा फोन यायची वेळ झाली की आई तिथे जाऊन उभी राहते. पावसाळ्यात छत्री घेऊन.

आता गंमत अशी की यातल्या काही घरांमध्ये फायबर पोचलंय. मोबाईलचा टॉवर डोंगराआड, पण ओटीवरच्या टीव्हीवर यूट्यूब मस्त चालतं. म्हणजे घरात इंटरनेट आहे आणि फोन मात्र नाही.

अशा घरात फोन सुरू करायला किती खर्च येतो? नेट आधीच घेतलेलं असेल, तर बहुतेक वेळा काहीच नाही.

सगळ्यात सोपा उपाय मोबाईलमध्येच असतो. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. सेटिंगमध्ये जाऊन ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू केलं की टॉवर नसला तरी कॉल घरच्या वाय-फायवरून जातो. नंबर तोच, रिचार्ज तोच, वेगळे पैसे नाहीत. समोरच्याला काही करावं लागत नाही.

पण त्यासाठी बऱ्यापैकी नवा स्मार्टफोन लागतो. आजीच्या हातात बटणांचा फोन असेल, किंवा स्क्रीनवर बोट फिरवून कॉल उचलणं तिला जमत नसेल, तर हा उपाय तिच्या कामाचा नाही. तिला रिसीव्हर उचलून ‘हॅलो’ म्हणायची सवय आहे. तिच्यासाठी दुसरा रस्ता आहे.

फायबरची वायर ज्या डब्यात येते त्याला कंपनीची माणसं ओएनटी म्हणतात, घरात सगळे राऊटर म्हणतात. तो डबा मागून बघा. नेटच्या केबलसाठी तीन-चार रुंद खाचा असतात आणि त्यांच्या बाजूला बहुतेक वेळा एक अरुंद खाच असते. तिच्यावर ‘फोन’ किंवा ‘टेल’ असं लिहिलेलं असतं. ही खाच आपल्या जुन्या लँडलाईनच्या वायरची. जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल तिघंही फायबरसोबत लँडलाईन नंबर देतात, पण अनेक घरांमध्ये तो कधी सुरूच केलेला नसतो. कस्टमर केअरला सांगून नंबर चालू करून घ्यायचा, माळ्यावरचा फोन पुसून त्या खाचेत लावायचा आणि टोन येतोय का ते ऐकायचं. काम झालं.

नेटच नसेल तर मात्र महिन्याचा खर्च आला. २०२० मध्ये जिओफायबरने ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांना आणला होता. १८ टक्के जीएसटी धरून तो ४७१ रुपयांना पडतो, आणि त्यात देशभरातले कॉल आले. दर बदलत राहतात, त्यामुळे आपल्या भागात काय चालू आहे ते विचारूनच घ्यावं.

फोन लावताना दोन-तीन गोष्टी नडतात. गोल चकतीचा फोन हौसेने लावाल, तर घंटी वाजेल पण नंबर बहुधा लागणार नाही, कारण बरेचसे ओएनटी त्या जुन्या डायलिंगची भाषा समजत नाहीत. बटणांच्या फोनखाली ‘टी’ आणि ‘पी’ असा छोटा खटका असतो, तो ‘टी’वर हवा. आणि घरात भिंतीतून फिरवलेली जुनी टेलिफोनची वायर वापरायची असेल, तर बाहेरच्या खांबावरून येणारी तांब्याची जोडणी आधी सोडवून घ्या. तिच्यात एक्स्चेंजचा करंट असेल तर ओएनटीची फोनची खाच जळू शकते. हे काम लाईनमनकडून करून घेतलेलं बरं.

आवाज चांगला येण्यासाठी महागडा स्पीड लागतो असा एक समज आहे. तो खोटा आहे. इंटरनेट फोनमध्ये तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, त्या मोजमापांचे आकडे होतात आणि सेकंदाला साधारण ५० छोटी पाकिटं करून ते पाठवले जातात. सगळा हिशेब धरला तरी जुन्या पद्धतीच्या कॉलला एका बाजूने १०० केबीपीएससुद्धा लागत नाही. ३० एमबीपीएसच्या मानाने ही चिल्लर झाली. खरा त्रास होतो तो पाकिटं उशिरा किंवा पुढेमागे पोचली की. आवाज जायला एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात. फायबरवर हे सहसा होत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होतं.

जुन्या नंबरचं काय, हा प्रश्न घरोघरी येतो. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकांवर, नातेवाइकांच्या डायरीत वडिलांच्या काळापासून एकच नंबर लिहिलेला असतो. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी ठेवता येतो, लँडलाईनला ती सोय आपल्याकडे नाही. बीएसएनएलची तांब्याची लाईन बीएसएनएलच्याच फायबरवर नेली, तर तोच नंबर ठेवता येतो. दुसऱ्या कंपनीकडे गेलात की नंबर गेला. म्हणून जुनी लाईन रागाच्या भरात बंद करायच्या आधी हे विचारून घ्या. आणि बँकेचा ओटीपी एसएमएसने या फोनवर येणार नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

आता थोडं कायद्याचं. अमेरिकेत राहणारे नातेवाईक सुट्टीला येताना कधीकधी एक छोटा डबा घेऊन येतात. तो इथल्या नेटला लावला की पुण्यातल्या घरात न्यू जर्सीचा नंबर वाजतो, आणि तिकडच्यांना तो लोकल कॉल पडतो. तिकडे असा डबा लावणं, महिन्याला डॉलर-दोन डॉलरला एखादा नंबर घेणं हा हौशी लोकांचा नेहमीचा उद्योग आहे. यूट्यूबवर त्याचे ढिगाने व्हिडिओ आहेत.

ते बघून इथे सगळंच करायला जाऊ नका. भारतात इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलण्याची सेवा फक्त लायसन्सधारक कंपनी देऊ शकते. अशा डब्याला इथलं सिमकार्ड किंवा लँडलाईन जोडून परदेशातून नेटवर आलेले कॉल इथे ‘लोकल’ म्हणून सोडले, तर ते बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज ठरतं. जून २०१७ मध्ये राज्याच्या एटीएसने लातूर जिल्ह्यात अशीच एक्स्चेंज पकडली होती. यात सरकारचा आणि कंपन्यांचा पैसा तर बुडतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कॉल नेमका कुठून आला हे लपतं. खंडणीवाले आणि ‘डिजिटल अरेस्ट’वाले याच वाटेने येतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवेसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

त्यामुळे ‘एक बॉक्स घरात ठेवू द्या, महिन्याला भाडं देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. परदेशातला माणूस बोलतोय आणि स्क्रीनवर मात्र भारतातला नंबर दिसतोय, असा कॉल आला तर संचार साथी पोर्टलवर त्याची तक्रार करता येते.

परदेशी नंबरच्या डब्याची आणखी एक अडचण आहे, आणि ती अमेरिकेला फार वाईट पद्धतीने कळली. फेब्रुवारी २००५ मध्ये ह्युस्टनमधल्या एका घरात दोन जण घुसले आणि त्यांनी नवरा-बायकोवर गोळ्या झाडल्या. मुलीने घरच्या इंटरनेट फोनवरून ९११ लावला, तर पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला की या फोनवर ही सेवा नाही. तिला शेजारी धावावं लागलं. आई-वडील वाचले. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगाने इंटरनेट फोन कंपन्यांना आदेश दिला की १२० दिवसांत ९११ ची सोय ग्राहकाच्या पत्त्यासह द्या. तांब्याची तार एका घराला बांधलेली असायची, म्हणून पत्ता आपोआप कळायचा. नेटवरचा नंबर कुठेही वाजतो. न्यू जर्सीचा नंबर पुण्यातली ॲम्ब्युलन्स बोलावू शकत नाही. तेव्हा असा डबा घरात असेल, तर १०८ आणि ११२ साठी इथला फोन वेगळा हवाच.

आणि आता लाईट.

लोडशेडिंगच्या काळातली आठवण अनेकांना असेल. घरभर अंधार, पण लँडलाईन चालू. कारण त्या फोनला लागणारी वीज घरातून नाही, एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून तांब्याच्या तारेनेच यायची. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. ओएनटी घरच्या प्लगवर चालतो. लाईट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद आणि वाय-फाय कॉलिंगही बंद. ज्या घरात मोबाईलची रेंज नाही म्हणून आपण हा फोन बसवला, तिथे लाईट गेल्यावर आजीकडे काहीच उरत नाही.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. राऊटरसाठीचा मिनी यूपीएस साधारण हजार ते दोन हजार रुपयांत मिळतो आणि डबा दोन-तीन तास चालवतो. घेताना ओएनटीच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. बहुतेकांचे १२ व्होल्ट असतात, पण अँपिअर वेगवेगळे असतात. इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग त्याच्या लाईनवर घेतला तरी चालतं.

मोठ्या कंपन्यांच्या फायबरमध्ये खांबावरच्या पेटीत उजेडाचे फाटे फोडणारी नुसती काच असते, तिला वीज लागत नाही. त्यामुळे पलीकडे कंपनीचा बॅकअप चालू असेल, तर फक्त घरचा डबा जिवंत ठेवला की पुरतं. स्थानिक केबलवाल्याचं नेट मात्र कधीकधी इमारतीच्या जिन्यातल्या स्विचवरून येतं. तो स्विच सोसायटीच्या लाईटवर असेल, तर घरातला यूपीएस काही कामाचा नाही. हे केबलवाल्याला आधीच विचारावं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखं संकट आलं, तर हा सगळा हिशेब कोलमडतो. तेव्हा खांबच आडवे झाले होते आणि रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत वीज आणि मोबाईल दिवसच्या दिवस बंद होते. दोन तासांची बॅटरी तिथे पुरणार नाही. पण रोजच्या पावसाळी खोळंब्यासाठी ती पुरेशी आहे.

फोन बसवून झाला की मुंबईला परतायच्या आधी एका संध्याकाळी घरातला मेन स्विच बंद करा, रिसीव्हर आईच्या हातात द्या आणि तिलाच नंबर फिरवायला सांगा.